दोघा भावांच्या वाटणीत मामांना लवाद नेमलं तर निवाडा कोर्टात टिकतो का?

टिकतो, पण सगळ्यांनी लेखी हरकत सोडली असेल तरच; ते पुढे सांगते. आधी एक सांगा, तुम्हाला बहीण आहे का? वडिलांमागे धंदा आणि घर दोघांत वाटायचं एवढंच तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारते.

आमची सांगलीत हळदीची आडत. बाबा गेल्यावर भावांनी काकांना मध्ये घालून बैठका उरकल्या आणि मला बोलावलं ते सहीपुरतं. समोर हक्कसोडपत्र. काका म्हणाले, "तुझ्या लग्नात काय कमी केलं?" मी सही केली नाही. घर फोडायला निघाली म्हणून मला नावं ठेवली. घर आधीच फुटलं होतं. थोरला गल्ला सोडत नव्हता, धाकट्याने वखारीला आपलं वेगळं कुलूप घातलं होतं.

भागीदारीपत्रात लवादाचं कलम होतं, पण ते पेढीपुरतं. घर बाबांच्या नावावर आणि मी भागीदार नव्हतेच. म्हणून तिघांच्या सह्यांनी नवा लवाद करार केला आणि नात्याबाहेरचे एक निवृत्त न्यायाधीश नेमले. त्यांनी आधी वखारीतलं पोतं न् पोतं मोजून घेतलं, मग खतावणीतली येणी: वसूल होणारी कुठली, बुडीत कुठली. थोरल्याने हरिपूरची पेवाची (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्याची) जागा भरपूर किंमत लावून माझ्या नावापुढे मांडली होती. २००५ च्या पुरानंतर त्या पेवात हळद उतरलीच नव्हती. तेव्हा लवादांनी सांगितलं, स्थावराचे तीन वाटे थोरल्याने पाडायचे, आधी मी उचलायचा, मग धाकट्याने, उरेल तो त्याचा. पुढच्या बैठकीत पेवाची किंमत खाली आलेली होती.

मामांचं म्हणाल तर, १९९६ च्या लवाद कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पक्षकाराशी जवळचं नातं ही अपात्रता आहे. वाद उभा राहिल्यावर सगळ्यांनी लेखी हरकत सोडली तर चालतं. माझं मत, नकोच. काका-मामा समजूत घालतात, आणि ती नेहमी बहिणीचीच घातली जाते.

निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. आव्हानाला तीन महिने, सबळ कारण असेल तर वर ३० दिवस. घर-जमीन वाटून देणारा निवाडा योग्य मुद्रांकावर करून नोंदवा, नाहीतर बजावणीत अडेल. आणि ज्याची करारावर सही नाही त्याला तो बांधत नाही. बहिणीला वगळून केलेला निवाडा ती उद्या कोर्टात नेईल, आणि न्यावाच.

बाबांच्या स्वकष्टार्जितात मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहे. वडिलोपार्जितात २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मतः हक्क मिळाला. वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. लग्नाचा खर्च त्यातून वजा होत नाही. काकांना हे आजही पटत नाही, कायद्याला त्यांच्या पटण्याची गरज नाही.

हे सगळं हिंदू कुटुंब आणि मृत्युपत्र नाही असं धरून लिहिलंय. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर करारावर सह्या घेण्याआधी दिवाणी वकिलाला विचारा.