नेटवर्कवरून ओएस टाकताय? आधी एकच मशीन लावा

सगळी मशीन एकदम बूटला लावू नका. एकच घ्या आणि स्क्रीनवर काय येतंय ते नीट वाचा. आयपीच (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला नाही तर घोळ डीएचसीपीत (हे पत्ते वाटणाऱ्या सेवेत) किंवा स्विचमध्ये. स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद जाऊ शकतात, तोवर पीएक्सई (मशीनची नेटवर्कवरून बूट व्हायची सोय) कंटाळून बाद होतं. त्या पोर्टला पोर्टफास्ट द्या, म्हणजे तो लगेच सुरू होतो. आयपी मिळून पुढे टाइमआउट आला, तर बहुतेक टीएफटीपीचा (बूट फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीचा) यूडीपी पोर्ट ६९ फायरवॉलने अडवलेला असतो, नाहीतर डीएचसीपीच्या ऑप्शन ६७ मधलं बूट फाइलचं नाव चुकलेलं. लिनक्स सर्व्हरवर कॅपिटल-स्मॉलचा फरकही नडतो, बरं का! आणि यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशीनला बायोसवाली बूट फाइल चालत नाही, त्याला ईएफआय फाइलच लागते.

टीएफटीपी फार रेंगाळतं. त्यावरून फक्त बूटलोडर (ओएस सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) आणा, ओएसची मोठी इमेज एचटीटीपीने ओढा.

चालू ऑफिसच्या नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी सर्व्हर मात्र उभा करू नका, सगळ्यांच्या शिव्या खाल. वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) घ्या किंवा प्रॉक्सी डीएचसीपी (पत्ते न वाटता फक्त बूटची माहिती देणारा) वापरा. इन्स्टॉल झालं की बूट ऑर्डरमध्ये डिस्क वर आणा, नाहीतर ऑटोमॅटिक इन्स्टॉलवालं मशीन रीस्टार्ट होऊन पुन्हा स्वतःलाच पुसत बसेल.