रेडिओ कंट्रोल्ड घड्याळ सेल टाकल्यावर बाराला येऊन अडकलंय, पीस खराब आलाय का?

बहुतेक खराब नाहीये, परत करायची घाई नका करू. तुम्ही लिहिलंय की सेल टाकल्यावर काटे गरागरा फिरले, बाराला येऊन थांबले आणि तासभर तिथेच आहेत, आणि मधे तुम्ही मागचं बटण बऱ्याचदा दाबून बघितलं. बाराला जाऊन थांबणं ही त्या मशीनची ठरलेली पद्धत आहे (काही मॉडेल चार किंवा आठलाही थांबतात), तिथे थांबून ते रेडिओ स्टेशनवरून येणाऱ्या वेळेच्या सिग्नलची वाट बघतं. पण बटण दाबलं की आतापर्यंत जे काही पकडलं होतं ते सगळं सोडून परत पहिल्यापासून शोधाशोध सुरू, त्यामुळे आता त्या बटणाला अजिबात हात लावू नका.

सगळ्यात आधी मागच्या बाजूला किंवा खोक्यावर स्टेशनचं नाव बघा, कारण ही घड्याळं जगात कुठेही चालतात असं समजून लोक घेतात आणि तसं नसतं. डीसीएफ७७ लिहिलं असेल तर ते जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला आहे, ७७.५ किलोहर्ट्झ, पल्ला साधारण २००० किलोमीटर. एमएसएफ म्हणजे इंग्लंडात अँथॉर्नचं, ६० किलोहर्ट्झ. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी, कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला, तेही ६० वरच आहे पण त्याचा कोड वेगळा, त्यामुळे फ्रीक्वेन्सी सेम आहे म्हणून फक्त एमएसएफचं घड्याळ तिकडे चालेल असं नाही. जपानचं जेजेवाय ४० आणि ६० वर, चीनचं बीपीसी ६८.५ वर. भारतात लाँगवेव्हवर (म्हणजे अशा कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरींवर) वेळ पाठवणारं स्टेशनच नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात अॅटॉमिक लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, अणुघड्याळ तिकडे स्टेशनवर असतं, तुमच्या भिंतीवर साधं क्वार्ट्झच आहे, फक्त ते रोज रात्री एकदा स्टेशनचं ऐकून स्वतःला दुरुस्त करून घेतं.

आता एवढा वेळ का लागतो ते सांगतो, कारण हे कळलं की घड्याळ कुठे ठेवायचं ते आपोआप कळतं. सिग्नल भयंकर स्लो आहे, सेकंदाला जेमतेम एक-दोन बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक). डीसीएफ७७ मधे दर सेकंदाच्या सुरुवातीला पॉवर कमी होते, ०.१ सेकंद कमी राहिली तर शून्य, ०.२ सेकंद राहिली तर एक, आणि ५९ व्या सेकंदाला ती खूणच येत नाही, त्या गॅपवरून घड्याळाला कळतं की आता नवीन मिनिट सुरू होतंय. म्हणजे मिनिट, तास, तारीख, वार, महिना, वर्ष असा सगळा निरोप यायला पूर्ण एक मिनिट जातं आणि मधे खरखर आली तर ते अख्खं मिनिट वाया, शिवाय बरीचशी घड्याळं एका मिनिटावर विश्वास ठेवत नाहीत, लागोपाठ दोन-तीन मिनिटांचे निरोप एकमेकांशी जुळले तरच काटे हलवतात. तेव्हा सलग काही मिनिटं स्वच्छ सिग्नल मिळायला हवा, आणि स्टेशन लांब असेल तर दिवसा ते अवघडच असतं. रात्री लाँगवेव्ह लांबपर्यंत चांगली पोचते आणि घरातली यंत्रंही कमी चालू असतात, म्हणूनच कंपन्या रोजचं सिंक मध्यरात्रीनंतर ठेवतात.

आत अँटेना म्हणजे फेराइटची एक काळी कांडी असते, तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. ती कांडी स्टेशनच्या दिशेशी काटकोनात हवी, कांडीचं टोक स्टेशनकडे असेल तर सिग्नल जवळजवळ शून्य. भिंतीवरच्या घड्याळात ती बहुतेक वेळा आडवीच बसवलेली असते, त्यामुळे घड्याळाचं तोंड किंवा पाठ स्टेशनकडे करायची, कड नाही. मॅपवर दिशा बघून घ्या आणि आज रात्रीपुरतं त्या बाजूच्या खिडकीत उभं करून ठेवा. चार्जर, एलईडी दिवे, टीव्ही, राउटर यांच्यापासून निदान दोन मीटर लांब, कारण स्वस्त पॉवर सप्लाय नेमके याच फ्रीक्वेन्सीच्या आसपास कचरा सोडतात. जुन्या काचेच्या नळीवाल्या टीव्हीचं तर भारीच होतं, युरोपात त्याची पडद्यावर ओळी काढायची फ्रीक्वेन्सी १५.६२५ किलोहर्ट्झ, तिची पाचपट म्हणजे ७८.१२५ किलोहर्ट्झ, डीसीएफच्या अगदी शेजारी. फ्रीज, पत्र्याचं कपाट, लोखंडी सळ्यांची जाड भिंत हेही नको. सेल नवीन अल्कलाइन टाका, रिचार्जेबल १.२ व्होल्टचा असतो आणि त्याच्यावर काही मॉडेल सिग्नल धरायला कुरकुर करतात.

सकाळी वेळ लागली पण बरोबर एक तासाचा फरक आहे, मिनिटं सेकंद परफेक्ट, तर रिसेप्शन उत्तम आहे, टाइम झोनचं किंवा समर टाइमचं (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात ते) सेटिंग चुकलंय. डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) पाठवतं, त्यामुळे झोन तुम्हालाच निवडावा लागतो, डीसीएफ७७ तिथली चालू वेळच पाठवतं. आणि फरक दोन-तीन मिनिटांचा असेल आणि रोज तेवढाच राहत असेल तर काटे बाराला नीट जुळलेले नाहीत, रिसेट केल्यावर ते बारावर अगदी एकावर एक येतात का बघा, येत नसतील तर मॅन्युअलमधे काटे जुळवायची पद्धत दिलेली असते.

तुम्ही पल्ल्याच्या बाहेर असाल तर एक जुगाड आहे. सिग्नलची नक्कल करणारी मोबाइल अॅप्स मिळतात, ती स्पीकरमधून समजा २० किलोहर्ट्झ वाजवतात, त्यासोबत तिप्पट फ्रीक्वेन्सीची लहरही (हार्मोनिक) निघते, ती ६० होते आणि स्पीकरच्या तारांमधून एवढंसं चुंबकीय क्षेत्र निघतं, फोन घड्याळाच्या पाठीला चिकटवून फुल आवाजात ठेवला की तेवढं पुरतं. ऐकायला विचित्र वाटतं पण चालतं. मात्र हे रोज कोणी करणार नाही आणि मधल्या काळात घड्याळ क्वार्ट्झच्या भरवशावर, महिन्याला साधारण १५ सेकंद इकडेतिकडे.

सलग तीन-चार रात्री खिडकीत ठेवून, स्टेशन पल्ल्यात असून आणि सेल नवा असूनही काटे बारालाच राहिले, तर मात्र खुशाल परत करा.