संगणक शंका-समाधान: कोड एक, कार्डं निराळी

प्रश्न : भूजल प्रवाहाचं गणित करणारा आमचा सी++ कोड कोकोस लायब्ररीवर (एकच कोड प्रोसेसर आणि निरनिराळ्या ग्राफिक्स कार्डांवर चालवण्याची सोय) आहे. लॅपटॉपवर (ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०५०) तो चालतो. तीच फाइल प्रयोगशाळेतल्या व्ही१०० कार्डावर नेली की सुरू होताच बंद पडते. सीमेकचे (बिल्डची मांडणी ठरवणारं साधन) पर्याय बदलून पाहिले, काहीच फरक नाही.
– विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : ३०५० ची कम्प्यूट क्षमता (कार्डाच्या पिढीचा एनव्हिडियाने दिलेला क्रमांक) ८.६, व्ही१०० ची ७.०. ८.६ साठी कंपाइल केलेला कोड ७.० वर चालत नाही. उलट दिशेने बहुधा चालतो, कारण फाइलमध्ये असलेल्या पीटीएक्सवरून (मधल्या टप्प्यातला, एका कार्डाला न बांधलेला कोड) ड्रायव्हर नव्या कार्डासाठी कोड तयार करून घेतो. मात्र पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो आणि कोकोस वेग कमी पडेल असा इशारा देतो.

पर्याय बदलूनही फरक का पडत नाही? कोकोस आधी वेगळं इन्स्टॉल करून तुमचा प्रकल्प ते ‘फाइंड पॅकेज’ने शोधत असेल, तर प्रकल्पाला दिलेले कोकोसचे पर्याय वाया जातात. बॅकएंड (कोड कशाच्या आधारे चालणार ते) आणि कार्डाचा प्रकार कोकोस बिल्ड होतानाच ठरतो. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

म्हणून कोकोसची दोन इन्स्टॉलेशनं करा, दोन वेगळ्या फोल्डरांत. दोन्हींत ‘कोकोस_एनेबल_कुडा’ (एनव्हिडिया कार्डांसाठी) आणि ‘कोकोस_एनेबल_ओपनएमपी’ (प्रोसेसरच्या अनेक कोअरांसाठी) ऑन. एकात ‘कोकोस_आर्च_व्होल्टा७०’ (व्होल्टा म्हणजे व्ही१०० ची पिढी), दुसऱ्यात ‘कोकोस_आर्च_अँपिअर८६’ (अँपिअर म्हणजे ३०५० ची). (टाइप करताना ही नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) मग प्रकल्पाच्या प्रत्येक बिल्डला ‘कोकोस_रूट’ने योग्य फोल्डर दाखवा. कार्ड नसलेल्या मशीनसाठी तिसरं, फक्त ओपनएमपीचं. एका बिल्डमध्ये जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) एकच बॅकएंड बसतो: कुडा आणि एएमडीचं हिप एकत्र मागितलंत तर कॉन्फिगर करतानाच नकार मिळेल.

जुन्या बिल्ड फोल्डरात नवा कंपायलर देऊ नका. सीमेक पहिल्यांदा सापडलेला कंपायलर कॅशेत धरून ठेवतं; ते फोल्डर सरळ उडवा आणि नव्याने सुरू करा.

आणखी एक : प्रयोगशाळेत कुडा १३ टाकू देऊ नका. त्यात व्होल्टासाठी कंपाइल करण्याची सोयच काढली आहे. व्ही१०० साठी १२ वरच थांबा.

प्रश्न : कोकोस बिल्ड होताना मध्येच ‘किल्ड’ असं येतं. रॅम ८ जीबी.
– वाचक, लातूर

उत्तर : ‘मेक -जे’ (मेक म्हणजे बिल्ड चालवणारी कमांड) आकड्याशिवाय दिलं की मेक जमतील तेवढ्या फाइली एकदम कंपाइल करायला घेतं. टेम्प्लेटांनी भरलेली एकेक फाइल बरीच मेमरी खाते. रॅम संपली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कंपायलरलाच मारतो. ‘डीमेसेज’ या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये ते दिसेल. ‘-जे २’ द्या, ब्राउझर बंद ठेवा. तरीही अडलं तर ‘-जे १’.

बिल्ड चालू असताना लाइट गेली, तर अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल (एका फाइलीचा कंपाइल झालेला तुकडा) मागे राहू शकते. तिची वेळ ताजी असल्याने मेक तिला पूर्ण समजतं आणि हे तुकडे जोडणारा लिंकर शेवटी ‘फाइल ट्रंकेटेड’ (फाइल अपुरी) म्हणून ओरडतो. लिंकरने नाव घेतलेली तेवढी फाइल पुसून पुन्हा मेक चालवा; सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही.