चाळीस वर्षं गाणारे पॉप गायक जुनी गाणी त्याच पट्टीत गातात का? आवाज टिकवतात कसा?

बरेच जण वय वाढलं की पट्टी उतरवतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

वय वाढतं तसा स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो आणि तंतू मिटताना मधे फट राहते. तिथून हवा निसटते, म्हणून दम अपुरा पडतो आणि लांब धरलेला सूर शेवटी उतरतो. चांगल्या गळ्यातल्या लांब सुरात एक हलकी वर-खाली लहर असते (व्हायब्रेटो), ती सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा येते. ती मंदावून रुंद झाली की सूर डोलतो. बायकांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर खाली सरकतो, तेव्हा वरचे सूर आधी जातात.

पेटीवरच्या काळी पाच पट्टीतलं गाणं काळी चारवर आणलं की पूर्ण एक स्वर उतरतं. सहसा तेवढं पुरतं. चूक होते ती घाईने दोन-अडीच स्वर उतरवण्यात. ध्रुवपद सोपं होतं खरं, पण कडव्याची सुरुवात खर्जात बुडते आणि शब्द कळत नाहीत. शिवाय पॉप गाण्याची जान ध्रुवपदात आवाज ताणला जातो त्यात असते, तीही जाते. माझ्या मते एकच स्वर उतरवावा आणि तरीही न पोचणारा एखादा सूर मागे साथ देणाऱ्या कोरस गायकांकडे देऊन गायकाने त्याखालचा जुळणारा सूर धरावा. शेवटच्या ध्रुवपदाला पट्टी अर्ध्या स्वराने चढवलेली असेल, तर ती चढण सरळ काढून टाकावी.

मात्र आधी गिटारवाल्याशी बोला. गाणं मोकळ्या (बोट न दाबता वाजणाऱ्या) तारांवर बसवलेलं असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर सैल करून बोटं तीच ठेवता येतात. पूर्ण स्वर सैल केल्या की तारा फडफडतात, जाड संच लावावा लागतो. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकची पट्टी उतरवताना ड्रम्स वगळा, नाहीतर त्यांचा ठोका बोथट होतो.

गळा तापवायला १५-२० मिनिटं द्या, त्यातली पहिली पाच स्ट्रॉने. ग्लासात स्ट्रॉ २-३ सेंटिमीटर बुडवून 'ऊ' म्हणत खालून वर आणि वरून खाली सरकत जा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मधेच तुटले तर श्वासाचा दाब कमी-जास्त होतोय. स्ट्रॉमुळे उलटा दाब येतो आणि तंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. आयत्या वेळी प्यायलेलं पाणी तंतूंपर्यंत पोचत नाही, ते अन्ननलिकेत जातं. म्हणून पाणी दिवसभर थोडं थोडं, आणि ऐन वेळी साधी वाफ. मेंथॉलच्या गोळ्या टाळाच: गळा बधिर होतो आणि ताण पडतोय हे कळतच नाही.

बऱ्याचदा गळे बिघडतात ते मॉनिटरमुळे, म्हणजे गायकाला स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमुळे. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो. कानातला मॉनिटर घ्या आणि त्यात ड्रम्सपेक्षा स्वतःचा आवाज वर ठेवा. एका कानातला काढून गाऊ नका, कारण उरलेल्या कानात आवाज वाढवावा लागतो.

आवाज बसला तर कुजबुजू नका, पूर्ण मौन पाळा. दोन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्ट्रोबोस्कोपी (स्वरतंतूंची हालचाल दाखवणारी तपासणी) करून घ्या.