लेहची हवा: रुळणं, मानवणं आणि अनुकूलन

प्रश्न असा आला आहे. लेहच्या सहलीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, 'पहिले दोन दिवस आराम करा, शरीराचं अनुकूलन होऊ द्या.' पक्ष्यांवरच्या लेखात पट्टकादंब या हंसाच्या रक्ताबद्दलही 'उंचीसाठी झालेलं अनुकूलन' असंच वाचायला मिळतं. दोन्हीकडे एकच शब्द चालेल का? नसेल, तर पहिल्याला काय म्हणायचं?

माझ्या मते चालू नये. इंग्रजीत ॲक्लिमटायझेशन आणि ॲडॅप्टेशन असे दोन वेगळे शब्द आहेत म्हणून नव्हे. या दोन गोष्टीच वेगळ्या आहेत आणि मराठीला तो फरक बोलून दाखवता येतो.

आधी लेहचं पाहू. उंची साधारण ३,५०० मीटर. हवेतला प्राणवायूचा वाटा तिथेही एकवीस टक्केच, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे एका श्वासात छातीत जाणारा प्राणवायू कमी. पुण्याहून गेलेल्या माणसाचा श्वास पहिल्या काही तासांतच वाढतो. जास्त श्वासामुळे कर्बवायू जास्त बाहेर जातो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि मूत्रपिंडं ते सावरायला लागतात. (तिथे पहिल्या दिवशी लघवीला वारंवार जावं लागतं, त्याचं एक कारण हे, सगळा दोष गरम पाण्याच्या बाटल्यांचा नव्हे.) मग एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक वाढतं, अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी तयार करते. हे शेवटचं काम दोन दिवसांत होत नाही, आठवडे लागतात. आणि माणूस पुण्याला परत आला की काही आठवड्यांत सगळं पूर्ववत. त्याच्या मुलांना यातलं काहीही मिळत नाही.

आता पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिवाळ्यात जायकवाडीला, उजनीच्या पाणथळीत दिसतो. वीण मात्र तिबेट, लडाख, मंगोलियाकडे, म्हणजे ये-जा करताना हिमालय आडवा येतो. पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलेल्या पक्ष्यांपैकी एकाची नोंद जवळपास ७,३०० मीटर उंचीवरची आहे. याच्या हिमोग्लोबिनमध्ये एका जागी प्रोलिनऐवजी ॲलानिन हे अमिनो आम्ल आहे. एवढ्याशा बदलानं ते विरळ हवेतला प्राणवायू अधिक घट्ट पकडतं. उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्याही दाट असतात.

कळीचा मुद्दा असा की हे त्यानं हिमालयात जाऊन कमावलेलं नाही. पुढे अंतराळवीर झालेल्या जेसिका मीर यांनी कॅनडात व्हँकुव्हरला या हंसाची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यापासून स्वतः वाढवली. समुद्रकाठची पिल्लं, हिमालय पाहिलेलाच नाही. मोठी झाल्यावर मुखवट्यातून कमी प्राणवायूची हवा देऊन त्यांना वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे पंख्यानं वाऱ्याचा झोत सोडलेल्या प्रयोगशाळेतल्या बोगद्यात, उडवलं, तर ती तशीही उडाली. याला मराठीत नेमका शब्द आहे: उपजत.

तर पहिल्याला काय म्हणावं? आपल्याकडे अशा जागी तीन क्रियापदं तयार आहेत, पण त्यांचे कर्ते पाहिले पाहिजेत. 'मला तिथली हवा मानवली' यात कर्ता हवा. माणूस काही करत नाही, हवा त्याला सोसते इतकंच. उलट झालं तर हवा बाधते, पाणी लागतं. 'अंगवळणी पडणं' छान आहे, अंगाला वळण लागणं, पण तिथेही कर्ता ती सवय. शिवाय पहाटे उठणं अंगवळणी पडतं. हवा अंगवळणी पडली असं कुणी म्हणत नाही. उरतं 'रुळणं'. सून घरात रुळते, मूल शाळेत रुळतं. कर्ता स्वतः रुळणारा, त्याला वेळ लागतो, थोडा त्रासही होतो, आणि माहेरी गेलं की जुनं वळण परत येतं. लेहमध्ये शरीराचं हेच चाललेलं असतं. 'रुळणं' मनाकडे जास्त झुकतं, ही तक्रार मला मान्य आहे, पण वापरानं ते शरीराकडेही वळेल.

'मानवणं' मात्र सोडून देऊ नका, ते तिबेटी लोकांसाठी ठेवावं. चार हजार मीटरवर राहूनही त्यांच्यातल्या बहुतेकांचं हिमोग्लोबिन आपल्यासारखं फार वाढत नाही. ईपीएएस-१ या जनुकाचं त्यांच्यातलं रूप ही वाढ आवरतं, हे २०१० मध्ये पुढे आलं. २०१४ मध्ये असं दिसलं की ते रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आलेलं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरच्या लोकांचं तसं नाही. त्यांचं हिमोग्लोबिन तिबेट्यांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि काहींचं रक्त इतकं दाट होतं की तिथेच जन्मूनही ती हवा बाधते. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२०च्या दशकात या आजाराचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला आहे.

मग 'अनुकूलन' पिढ्यान्‌पिढ्यांच्या, वारशानं येणाऱ्या बदलासाठी राखावं. व्युत्पत्ती पाहिली तर कूल म्हणजे काठ. काठानं जाणारं ते अनुकूल, उलट जाणारं प्रतिकूल. गंमत म्हणजे रोजच्या बोलण्यातला 'वातानुकूलित' अगदी उलटा आहे: तिथे माणूस तसाच राहतो आणि हवेला त्याच्याप्रमाणे बदलतात. पण व्युत्पत्तीला फार धरून बसू नये. 'उत्क्रांती' वेदान्तात जीवानं शरीर सोडून जाणं. टिळकांनी 'गीतारहस्या'त याच कारणानं त्या शब्दाबद्दल नाराजी दाखवून 'गुणोत्कर्ष', 'गुणपरिणाम' असे पर्याय सुचवले होते. शब्द मात्र तोच राहिला.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट मला जास्त खटकते: 'उंचीसाठी'तलं 'साठी'. 'हिमालय ओलांडण्यासाठी पट्टकादंबानं आपलं रक्त बदललं' अशी वाक्यंही वाचनात येतात. त्यातलं 'नं' पक्ष्याच्या पदरी कर्तृत्व बांधतं आणि 'साठी' त्याच्या मनात हेतू घालतं. झालं ते याहून साधं: काही पक्ष्यांचं रक्त जन्मतःच थोडं वेगळं होतं, विरळ हवेत ते जास्त तगले, त्यांची पिल्लं जास्त झाली. 'तगणं' हा शब्द शेतकरी दुष्काळातल्या गुरांसाठी आणि पिकांसाठी रोज वापरतात. शास्त्रीय लेखनात तो का येत नाही, कळत नाही. 'साठी' लेहच्या पर्यटकाला शोभतं, कारण दोन दिवस खोलीत पडून राहण्यात खरोखर हेतू असतो.

तेव्हा माहितीपत्रकात मी लिहीन: 'पहिले दोन दिवस आराम करा, शरीर त्या हवेत रुळू द्या.' आणि लेखात: 'पट्टकादंबाच्या रक्तात विरळ हवेतही प्राणवायू पकडून ठेवण्याचं उपजत अनुकूलन आहे.'