दक्षिण गोव्यातल्या काणकोणात एकट्याने चार दिवसांची किनारी पायपीट: पहिला दिवस कसा आखावा?

पहिल्या दिवशी पाच-सहा किलोमीटर पुरे. काणकोण स्थानकावर उतरून पाळोळे, कोळंब, पाटणे, राजबाग, एवढंच. पुढे तळपण नदीचं मुख आडवं येतं. ते पायी ओलांडायच्या फंदात पडू नका.

निघायची वेळ घड्याळावर नाही, ओहोटीवर ठरवा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून चारही दिवसांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधीच लिहून घ्या. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते. भरतीत कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चालावं लागतं आणि पोटऱ्या पहिल्याच तासात बोलू लागतात.

वजन 60 किलो असेल तर पाण्यासकट सॅक 12 किलोच्या आत ठेवा. जड सामान पाठीला लागून, मध्यावर. आधी कमरेचा पट्टा आवळा, मग खांद्याचे. उलट केलंत तर सगळा भार खांद्यांवर येतो. पाणी तीन लिटर. मोज्यात वाळू गेली की फोड ठरलेलाच, त्यामुळे टाच चुरचुरताच थांबून टेप लावा.

तंबूचा मोह आवरा, खोली घ्या. गालजीबाग आणि आगोंदला तर कासवं अंडी घालतात. तिथे रात्री टॉर्चसुद्धा नको.

घरी कुणाला तरी रोजचा मुक्काम कळवून ठेवा.