जुन्या शिडाच्या बोटीच्या तळातली भोकं किती कमी करता येतील?

तीस फुटी फायबरग्लास बोट, पाण्याखाली नऊ थ्रू-हल, म्हणजे तळातल्या भोकांत बसवलेल्या, पाणी आत-बाहेर नेणाऱ्या जोडण्या. त्यातली किती बुजवावीत आणि उरलेल्यांची निगा कशी राखावी, असं तुम्ही विचारलंय. नवाची पाच सहज होतील. पण बुजवायला घेण्याआधी ती कशाची आहेत ते बघा. उरलेली पाच पितळेची निघाली तर चार बुजवून फारसं काही साधलं नाही.

खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त झिजून जातं आणि मागे पोकळ, ठिसूळ तांबं उरतं. बाहेरून काहीच कळत नाही. सुरीच्या टोकाने खरवडा: पिवळं दिसलं तर ठीक, गुलाबी दिसलं तर बदला. आधी जाते ती बहुधा होज चढवायची नळी, कारण तिथे धातू सगळ्यात पातळ असतो. नव्या बोटीवरही साधं पितळ सापडतं. थ्रू-हलसाठीच्या आयएसओ 9093 मानकाच्या 1994 च्या आवृत्तीत गंज न लागण्याची अट पाच वर्षांच्या वापरापुरतीच होती! ब्राँझ, गंजरोधक डीझेडआर पितळ किंवा मॅरेलॉन (काचतंतू घातलेलं नायलॉन) घ्या. आणखी एक: थ्रू-हलचे आटे सरळ असतात, नळकामाच्या बॉल व्हॉल्वचे बहुधा निमुळते. जोडणी घट्ट वाटते, पण दोन-तीन आटेच धरलेले असतात. बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेच्या मानकाप्रमाणे सीकॉकने, म्हणजे थ्रू-हल बंद करायच्या झडपेने, 500 पौंडांचा भार 30 सेकंद सोसायला हवा. अशी जोडणी तिथे टिकेल यावर माझा तरी विश्वास नाही.

आता कमी काय करायचं. टॉयलेटच्या बेसिनचा निचरा टॉयलेटच्याच समुद्रपाणी आत घेणाऱ्या होजला टी लावून जोडा. एक भोक गेलंच, वर बोट सोडताना सीकॉक बंद करून बेसिनभर गोडं पाणी पंपाने ओढलं की त्या होजमधला सडका वासही जातो. (बेसिनचा तळ बोट कलल्यावरही पाण्याच्या वर राहतो ना, ते आधी तपासा.) डेक धुण्याचा पंप त्याच होजवर चालतो. खोली मोजणारा सेन्सर भरीव फायबरग्लासमधून आतूनच काम करतो. सँडविच तळ (फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलका गाभा) असेल तर नाही. वेग मोजणारं तळाखालचं चाक मी काढून टाकेन, पण पाण्यातला वेग हवा असणारे ऐकणार नाहीत. इंजिनचं पाणी मात्र स्वतंत्र ठेवा. कॉकपिटचे निचरे एकत्र करायच्या फंदात पडूच नका.

भोक बुजवताना नुसता इपॉक्सीचा गोळा ठासणं म्हणजे बूच मारणं. कडा 12:1 उताराने घासा: तळ 12 मिमी जाड आणि भोक 38 मिमीचं असेल तर साधारण 33 सेंमी रुंद, बशीसारखा उथळ खड्डा होतो. तो काचकापड आणि इपॉक्सीच्या थरांनी भरायचा. एवढं घासताना छातीत धस्स होतं, पण त्याला इलाज नाही. हेच 38 मिमीचं भोक पाण्याखाली 60 सेंमीवर उघडं पडलं तर मिनिटाला सुमारे 140 लिटर पाणी आत येतं. तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या छोट्या बिल्ज पंपाचं ते काम नव्हे.

उरलेल्यांची निगा सोपी आहे, कंटाळवाणी आहे, इतकंच. प्रत्येक सीकॉक महिन्यातून एकदा पूर्ण उघडा-बंद करा, नाहीतर तो हव्या त्या वेळीच अडकतो. बोट वर काढली की ग्रीस भरा. जुने निमुळत्या खुंटीचे सीकॉक असतील तर व्हॉल्व-पेस्टने घासून घ्या. होज क्लॅम्प वरून चकाकतो आणि स्क्रूच्या घराखाली गंजतो, म्हणून तो सैल करूनच बघा. प्रत्येक सीकॉकला त्याच मापाचं मऊ लाकडी बूच दोरीने बांधून ठेवा. आणि बोट सोडताना इंजिनचा सीकॉक बंद केलात तर इंजिनची किल्ली त्याच्याच दांड्यावर अडकवा.